क्रिएटिनिन उतरत नाही, मग बाबा वाचतील का? आयसीयूतल्या किडनी फेल्युअरचा अंदाज कसा बांधतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ५८ वर्षांचे, रत्नागिरी जिल्ह्यातले शेतकरी. भातलावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या भयंकर दुखल्या, चार-पाच दिवसांनी डोळे पिवळे झाले आणि लघवी कमी झाली. लेप्टोस्पायरोसिसचं, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाचं, निदान झालं. आता व्हेंटिलेटरवर आहेत, बीपी टिकवायला नॉरॲड (नॉरॲड्रेनालिन) हे औषध चालू आहे, रोज एक अशी तीन डायलिसिस झाली. डॉक्टरांनी अपॅची स्कोअर, म्हणजे आजाराचं गांभीर्य मोजणारे गुण, ३१ सांगून 'पंचाहत्तर टक्के धोका' म्हटलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ६.२ होतं, डायलिसिसनंतर ३.९ झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ५.४. आणि तुम्ही विचारलंय की किडनी सुधारतच नसेल तर उपचार पुढे नेण्यात अर्थ आहे का, की नुसता त्रास वाढवतोय.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. बाबा वाचतील का, हा एक. त्यांची किडनी परत चालू होईल का, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या आकड्यांत असतात. तुम्ही पहिल्याचं उत्तर क्रिएटिनिनमध्ये शोधताय, आणि ते तिथे नाही. आयसीयूबाहेर बसलेले बहुतेक नातेवाईक हेच करतात, कारण रोज संध्याकाळी हातात येणारा आणि समजल्यासारखा वाटणारा आकडा तेवढा एकच असतो.

मी बाबांना पाहिलेलं नाही. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोंवरून मी विचार कसा करायचा ते सांगू शकते, निकाल सांगू शकत नाही. रोज त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वर धरा.

डायलिसिस हाताशी असेल तर आयसीयूतला माणूस निव्वळ किडनी बंद पडल्यामुळे सहसा जात नाही. वाढलेलं पोटॅशियम, साठलेलं पाणी, रक्तातलं आम्ल या तिन्ही गोष्टी मशीन सांभाळतं. माणूस दगावतो तो ज्या आजाराने किडनीला गाठलं त्याच आजाराने फुप्फुस, हृदय, मेंदू यांनाही गाठलं म्हणून. त्यामुळे 'एकेआय', म्हणजे अचानक झालेलं किडनीचं नुकसान, हे नाव एकच असलं तरी त्याचं भवितव्य एक नसतं. मुतखड्याने दोन्ही बाजू तुंबून क्रिएटिनिन ८ झालेला माणूस चालत दवाखान्यात येतो, आणि वेळेत अडथळा काढला तर बहुतेकदा चालत घरी जातो. पोटात आतडं फुटून सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडणं) झालेल्या माणसाचं क्रिएटिनिन ३ असतं आणि मला त्याची काळजी कितीतरी जास्त वाटते.

मोठ्या अभ्यासांतही हेच दिसतं. २००५ साली २३ देशांतल्या ५४ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयसीयूत गंभीर किडनी फेल्युअर झालेल्यांपैकी ६०.३ टक्के रुग्ण त्या रुग्णालयातच दगावले. सर्वांत मोठं कारण सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गाने बीपी कोसळणं, हे होतं, जवळजवळ निम्म्या रुग्णांत. त्याआधी १९९३ साली माद्रिदच्या लियान्यो आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी जगण्याचा अंदाज बांधणारं सूत्र दिलं. त्यात वय आहे, लघवी कमी होणं आहे, बीपी पडणं, कावीळ, कोमा, व्हेंटिलेटर हे सगळं धोका वाढवणारं म्हणून आहे. किडनीचं नुकसान औषधाच्या विषारी परिणामामुळे झालेलं असेल तर धोका कमी धरलाय. माणूस शुद्धीवर असेल तर आणखी कमी. क्रिएटिनिनला त्या सूत्रात जागाच नाही.

उलट, कधीकधी क्रिएटिनिन फार कमी असणं ही चिंतेची गोष्ट असते. ते स्नायूंतून येतं. माणूस आधीच खंगलेला असेल, किंवा अंगात सात-आठ लिटर पाणी साठून रक्त पातळ झालं असेल, तर किडनी पूर्ण बंद असूनही आकडा २.५ वरच राहतो. आणि डायलिसिस सुरू झाल्यावर तर त्या आकड्याचा अर्थच बदलतो. ६.२ चं ३.९ झालं ते मशीनने केलं. पुन्हा ५.४ झालं ते दोन डायलिसिसच्या मधल्या वेळात साठलं म्हणून. त्यावरून बाबा सुधारले असं म्हणता येत नाही, तसंच बिघडले असंही नाही.

आता अपॅचीचे ३१. हा स्कोअर १९८५ सालचा, अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतल्या ५,८१५ रुग्णांवर बेतलेला. पहिल्या चोवीस तासांतले सर्वांत वाईट आकडे घेऊन तो काढतात: ताप, बीपी, नाडी, ऑक्सिजन, सोडियम, पोटॅशियम वगैरे, शिवाय वय आणि जुने आजार. आयसीयूतल्या शंभर रुग्णांच्या गटाचं काय होईल, हे तो बऱ्यापैकी सांगतो. त्या शंभरात तुमचे बाबा कुठे आहेत, हे तो सांगू शकत नाही, आणि तो त्यासाठी बनवलेलाही नाही. शिवाय त्यात एक खुबी आहे. किडनी अचानक बंद पडली असेल तर क्रिएटिनिनचे गुण दुप्पट होतात, म्हणजे चाराचे आठ. बाबांच्या ३१ पैकी ८ केवळ किडनीचे आहेत. लेप्टोच्या रुग्णात हेच आठ गुण पुढे भरून येण्याची शक्यता चांगली असते, पण स्कोअरला ते ठाऊक नाही. त्याच्या निदानांच्या यादीत लेप्टोचं वेगळं नावही नाही.

डॉक्टरांनी आकडा सांगितला यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. गांभीर्य कळावं म्हणून मीही सांगते. मात्र तो पहिल्या दिवसाचा आकडा होता, आणि आज तिसरा दिवस आहे.

म्हणून मी दुसऱ्या स्कोअरकडे वळते, सोफाकडे. त्यात सहा अवयव, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त २४. गुण जास्त म्हणजे अवयव जास्त बिघडलेला. त्याचा मोठा फायदा हा की तो रोज मोजता येतो. ब्रसेल्समधल्या एका आयसीयूचा २००१ सालचा अभ्यास मला आजही उपयोगी पडतो. सुरुवातीचा स्कोअर कितीही असो, पहिल्या ४८ तासांत तो वाढला तर निम्मे किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावले. कमी झाला तर हे प्रमाण २७ टक्क्यांच्या खाली होतं.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून मांडून बघू. पहिला दिवस: रक्तातला ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर १७०, व्हेंटिलेटरवर, म्हणून फुप्फुसाचे ३. प्लेटलेट्स ४२ हजार, त्याचे ३. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, १४, त्याचे ४. नॉरॲड ०.२, ४. क्रिएटिनिन ६.२, ४. शुद्ध व्यवस्थित होती, नळी घालण्याआधी ते तुमच्याशी बोलत होते, म्हणून ०. एकूण १८, म्हणजे फार गंभीर. आज तिसऱ्या दिवशी गुणोत्तर २४०, म्हणजे २. प्लेटलेट्स ७० हजार, २. बिलिरुबिन १६, पुन्हा ४. नॉरॲड ०.०८, ३. किडनी डायलिसिसवर, ४. झोपेचं औषध कमी केल्यावर हात दाबतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून शुद्धीचे शून्यच धरते. एकूण १५.

हे १५ कुठून आले ते नीट बघा. पंधरापैकी आठ कावीळ आणि किडनीचे आहेत. लेप्टोतली कावीळ बघायला भीतिदायक असते, डोळे नारिंगी होतात, पण यकृत निकामी झाल्याची ती खूण नसते. एसजीपीटीसारखे यकृताचे एन्झाइम त्या मानाने फारसे वाढलेले नसतात. आणि बिलिरुबिन उतरायला बाकी सगळं सुधारल्यावरही आठवडे लागतात. त्यामुळे १४ चं १६ झालं याने मी अस्वस्थ होत नाही. फुप्फुस, प्लेटलेट्स आणि बीपी या तिन्ही ठिकाणी गुण उतरलेत. लेप्टोत माणसाचं बरंवाईट बहुतेक वेळा फुप्फुस आणि बीपीवर ठरतं. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात १९९६ साली लेप्टोची मोठी साथ आली होती. तिच्या अभ्यासात मृत्यूशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट शुद्ध हरपणं ही निघाली. तुमचे बाबा हात दाबतात, हे मला त्यांच्या कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त आशेचं वाटतं.

धोका अजून टळलेला नाही. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होतो, तो अचानक होतो आणि त्यात निम्म्याहून जास्त रुग्ण जाऊ शकतात. बाबांच्या नळीतून सक्शन करताना, म्हणजे कफ ओढून काढताना, काय येतं ते सिस्टरांना विचारा. पांढरं किंवा पिवळट येत असेल तर ठीक. गुलाबी किंवा लाल येऊ लागलं आणि त्याच वेळी ऑक्सिजन वाढवावा लागला, तर वर मांडलेलं सगळं गणित पुन्हा करावं लागेल. शिवाय व्हेंटिलेटर आणि गळ्यातली डायलिसिसची नळी जितके दिवस राहतील तितका नव्या संसर्गाचा धोका. लेप्टोतून सावरत असलेला माणूस आठव्या-दहाव्या दिवशी न्यूमोनियाने पुन्हा घसरतो, हे आम्ही दर पावसाळ्यात बघतो.

रोज डायलिसिस करून शरीर थकतंय का, लांबवलं असतं तर बरं झालं असतं का, असंही तुम्ही विचारलंत. एरवी याचं उत्तर मी वेगळं दिलं असतं. आयसीयूतल्या सर्वसाधारण रुग्णात, तातडीचं कारण नसताना डायलिसिस लवकर सुरू करून जीव वाचत नाहीत. २०२० साली १५ देशांतल्या जवळजवळ तीन हजार रुग्णांच्या चाचणीत लवकर सुरू केलेल्यांत ९० दिवसांतले मृत्यू ४३.९ टक्के होते, थांबून बघितलेल्यांत ४३.७. काहीच फरक नाही. उलट जे वाचले त्यांच्यात लवकरच्या गटातले १०.४ टक्के तीन महिन्यांनीही डायलिसिसवर होते, दुसऱ्या गटातले ६ टक्के. म्हणून सेप्सिसच्या रुग्णात मी पोटॅशियम, पाणी आणि आम्ल सांभाळून थांबते.

लेप्टोत मात्र थांबत नाही. साओ पावलोतल्या डॉक्टरांनी २००७ साली ३३ रुग्णांची तुलना मांडली: उशिरा सुरू करून एक दिवसाआड डायलिसिस केलेल्यांत ६६.७ टक्के दगावले, लगेच सुरू करून रोज केलेल्यांत १६.७. रुग्ण थोडे आहेत, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत, त्यामुळे आकडे शब्दशः धरू नका. पण माझा अनुभव त्याच दिशेचा आहे. या आजारात फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात, त्यामुळे थोडं जास्तीचं पाणीही लगेच छातीत उतरतं. रोज डायलिसिस करणारे तुमचे डॉक्टर आजार ओळखून उपचार करतायत.

मुंबईला हलवून चोवीस तास चालणारं मशीन, म्हणजे सीआरआरटी, लावावं का? लावल्याने जगण्याचं प्रमाण वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सहा-आठ तास सावकाश चालवलेलं डायलिसिस, ज्याला आम्ही स्लेड म्हणतो, नॉरॲडवरच्या रुग्णालाही बहुतेकदा झेपतं, आणि खर्च कितीतरी कमी येतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला घाटातून सहा-सात तास नेणं हीच जोखीम आहे. हलवायचं असेल तर ते तिथे नसलेल्या गोष्टीसाठी हलवा, उदाहरणार्थ आयसीयूत रात्री डॉक्टर नसतील, किंवा रक्तस्राव झाल्यावर लागणारं रक्त आणि प्लेटलेट्स मिळत नसतील. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आजच भेटा. पैशाची बोलणी सातव्या दिवशी सुरू करू नका. पैसे संपले म्हणून सुधारत असलेला माणूस सही करून घरी नेलेला मी पाहिलाय, आणि तसं तुमच्याकडे होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पुढचे दोन-तीन दिवस 'क्रिएटिनिन किती' याऐवजी डॉक्टरांना हे विचारा: नॉरॲड कालपेक्षा कमी लागतंय का, व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के चालू आहे, झोपेचं औषध थांबवल्यावर सांगितलेलं ऐकतात का, आणि चोवीस तासांत लघवी किती झाली. सिरिंज पंपावर दिसणारा आकडा बघून स्वतः हिशेब करू नका. तो तासाला किती मिली औषध जातंय ते दाखवतो, आणि सिरिंजमध्ये औषध किती घट्ट भरलंय त्यानुसार बदलतो. पाच मिलीचं तीन झालं म्हणजे औषध कमी झालंच असं नाही. डोस विचारा. लघवीच्या पिशवीचा रंगही फसवतो. कावीळ आहे तोवर ती चहासारखीच दिसणार. रंगाकडे बघू नका, मिलीलिटर बघा.

आणि वाईट शक्यतेबद्दलही बोलते, कारण तुम्ही ते स्पष्ट विचारलंय. आम्ही अशा वेळी घरच्यांशी मुदत ठरवतो: आजपासून बहात्तर तास सगळे उपचार पूर्ण ताकदीने, कुठेही हात आखडता नाही, आणि त्यानंतर पुन्हा बसायचं. त्या वेळेपर्यंत नॉरॲड वाढत गेलं, ऑक्सिजन शंभर टक्क्यांवर पोचला, शुद्ध गेली, म्हणजे नवनवीन अवयव साथ सोडू लागले, तर पुढचं डायलिसिस न करणं हाही एक योग्य वैद्यकीय निर्णय असू शकतो. त्यासाठी रुग्णाला रात्रीतून सही करून घरी न्यावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय घेण्याचा मार्ग मान्य केलाय आणि २०२३ साली तो सुटसुटीत केलाय. रुग्णालयातल्या डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ घरच्यांच्या संमतीने निर्णय घेतं, आणि वेदना कमी करण्याचे उपचार शेवटपर्यंत चालू राहतात. पण तुमच्या आजच्या आकड्यांवरून मी हा विषय आत्ता काढला नसता. तिसऱ्या दिवशी सोफा उतरत असताना, निव्वळ क्रिएटिनिन पाहून थांबणं मला पटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, किडनीचा. लेप्टोत बाबा या आठवड्यातून बाहेर पडले, तर किडनी परत चालू होण्याची शक्यता चांगली आहे. वर सांगितलेल्या २००५ च्या अभ्यासात, जे वाचून घरी गेले त्यांतले १३.८ टक्केच डायलिसिसवर होते, आणि त्यात सेप्सिस, हृदयाची शस्त्रक्रिया, आधीचा किडनीचा आजार असे सगळेच होते. तुमच्या वडिलांना मधुमेह नाही, आधीची किडनी ठीक होती, हे त्यांच्या बाजूचं आहे. सुधारणा आधी लघवीत दिसते आणि क्रिएटिनिनमध्ये मागाहून. पहिल्या दिवशी ३५० मिली होती ती आज ६०० झाली, हे मला आवडलं, फक्त लघवी वाढवणारं इंजेक्शन चालू आहे का ते विचारून घ्या. लॅसिक्सशिवाय, म्हणजे त्या इंजेक्शनशिवाय, चोवीस तासांत चारशे-पाचशे मिलीच्या वर लघवी टिकली की आम्ही डायलिसिसमध्ये एक दिवस सोडून बघतो. मधल्या दिवशी मशीन न लावताही क्रिएटिनिन जागच्या जागी राहिलं, तर किडनीने काम सुरू केलंय. त्या आकड्याकडे बघायची वेळ ती.

नंतर उलटंही होतं. लघवी अचानक तीन-चार लिटरवर जाते आणि पोटॅशियम घसरतं. लेप्टोत हे विशेष दिसतं. घरचे खुश असतात आणि नेमकं तेव्हाच पाणी आणि पोटॅशियम भरून काढावं लागतं, म्हणून त्या दिवसांत घरी सोडण्याची घाई करू नका.

घरी गेल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि बीपी या तपासण्या नक्की करा, रिपोर्ट नॉर्मल घेऊन घरी आले असले तरी. एकदा असा फटका बसलेल्या किडनीला पुढे हळूहळू बिघडण्याचा धोका राहतो. अंगदुखीला डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. गावठी काढे आणि भस्मं बंद. पुढच्या लावणीला गमबूट, हातापायावर जखम असेल तर चिखलात उतरणं टाळायचं, आणि पावसाळ्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांबद्दल विचारायचं. हे घरातल्या सगळ्यांनाच लागू आहे, कारण शेत तेच आहे.

उद्या सकाळचे चार आकडे, नॉरॲडचा डोस, ऑक्सिजनची टक्केवारी, शुद्ध आणि लघवी, इथेच लिहा. मी बघेन.